पुन्हा पाहाव्यात अशा मालिका: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पुन्हा पुन्हा पाहाव्यात अशा टीव्ही मालिकांबद्दल प्रश्न मागवले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांतले आठ प्रश्न इथे घेतले आहेत. काही प्रश्न निवडीचे आहेत, तर काही टीव्ही, मोबाइल आणि जुन्या कॅसेट यांच्याशी झगडण्याचे आहेत. दोन्ही प्रकार तितकेच महत्त्वाचे आहेत, कारण चांगली मालिका वाईट चित्रात पाहिली की दोष मालिकेच्या माथी बसतो.

प्रश्न : आई-बाबा दोघंही सत्तरीपुढचे आहेत. सध्याच्या मालिकांत त्यांचं मन रमत नाही, म्हणून जुन्या मराठी मालिका लावून द्याव्यात असं वाटतं. पण पाचशे-सातशे भागांचा आकडा पाहूनच छाती दडपते. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

आधी वेळेचा हिशेब मांडा. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वजा जाता साधारण २२ मिनिटं मजकूर असतो. आठवड्यातून सहा दिवस चालणारी मालिका वर्षाला तीनशेच्या आसपास भाग करते, म्हणजे जवळजवळ ११० तास. दोघांनी रोज एक तास पाहिलं तरी साडेतीन महिने लागतील. त्यामुळे पहिली निवड अशी करा, की कुठूनही उचलली आणि कुठेही सोडली तरी चालेल.

या कसोटीला सर्वांत चांगली उतरते ती ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या लेखनावरून आलेली, केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ साली अल्फा मराठीवर (म्हणजे आताच्या झी मराठीवर) सुरू झाली. बहुतेक भागांत एक छोटा पेच असतो आणि तो त्याच भागात सुटतो. घरात माणसं पाच: आबा, शेखर, श्यामला, शलाका आणि शिऱ्या. एवढ्या पाच जणांतच तीन पिढ्यांचा सगळा कारभार चालतो. पहिल्या वेळी लक्ष आबांवर असतं. दुसऱ्यांदा पाहताना श्यामला झालेल्या शुभांगी गोखले आणि शेखर झालेले राजन भिसे यांच्याकडे पाहायला सांगा. बोलणारा दुसराच असतो आणि हे दोघं मागे काहीतरी काम करत ऐकत असतात. तिथे जी प्रतिक्रिया दिसते, ती पहिल्या वेळी हमखास निसटते.

सलग कथा हवी असेल तर ‘उंच माझा झोका’ (झी मराठी, २०१२). रमाबाई रानड्यांच्या आयुष्यावरची ही मालिका दोन भागांत विभागून पाहा: तेजश्री वालावलकरची छोटी रमा एकदा, आणि स्पृहा जोशीची मोठी रमा काही दिवसांचा खंड ठेवून. सलग पाहिल्यास छोट्या रमेचा गोडवा इतका चढतो की पुढचा, जास्त वजनाचा भाग फिका वाटू लागतो. तो फिका अजिबात नाही.

कोडी आवडत असतील तर सतीश राजवाडे यांची ‘अग्निहोत्र’ (स्टार प्रवाह, २००८). नाशिकचा वाडा, पांगलेलं कुटुंब, गणपतीच्या मूर्ती. नात्यांचा गुंता मोठा असल्यामुळे पहिल्या आठवड्यातच वंशवृक्ष एका कागदावर काढून टीव्हीशेजारी चिकटवा. वयस्कर प्रेक्षक कंटाळतात म्हणून मालिका सोडतात असं नाही, ‘हा कोणाचा मुलगा?’ हे विचारायचा संकोच वाटतो म्हणून सोडतात.

रोजच्या मालिकांत ‘मागील भागात’ आणि ‘पुढील भागात’ हे दोन्ही तुकडे ओलांडा. सलग पाहताना तीच दृश्यं तीनदा येतात आणि मालिका आहे त्यापेक्षा संथ वाटू लागते.

पैशांबद्दल एक सूचना. झी मराठीच्या मालिका झी फाइव्हवर आणि स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर शोधाव्यात, पण हक्क बदलतात आणि जुन्या मालिकांचे मधलेच भाग गायब झालेले आढळतात. वर्षाची वर्गणी भरण्याआधी पहिला, मधला आणि शेवटचा भाग यादीत आहे का, ते पाहून घ्या.

प्रश्न : लोक सांगतात, अमुक मालिका पाच वेळा पाहिली. माझ्याकडून दुसऱ्या वेळी चौथ्या भागापुढे जाववत नाही. दोष माझा की मालिकेचा? कोणती मालिका परत पाहण्याजोगी आहे, हे आधी कसं ओळखायचं?
– एक वाचक, ऐरोली

बहुतेक वेळा मालिकेचा. जिचं सगळं इंधन ‘पुढे काय होणार’ हेच असतं, ती शेवट कळला की थांबते. पुन्हा पाहण्याजोग्या मालिकेत शेवट कळल्यावर एखादी नवी गोष्ट पाहण्यासाठी मोकळी होते. ही नवी गोष्ट काय आहे, त्यावरून मालिका कशी पाहायची ते ठरवावं.

काही मालिकांत ती गोष्ट म्हणजे पुढच्या घटनांची पेरणी. ‘ब्रेकिंग बॅड’चे ६२ भाग आहेत. दुसऱ्या पर्वातल्या पहिल्या, चौथ्या, दहाव्या आणि तेराव्या भागांची नावं अनुक्रमे ‘सेव्हन थर्टी-सेव्हन’, ‘डाउन’, ‘ओव्हर’ आणि ‘एबीक्यू’ (अल्बुकर्की शहराचं लघुरूप) अशी आहेत. ती ओळीने वाचली की पर्वाच्या शेवटी काय घडणार, ते नावांतच लिहिलेलं सापडतं. याच चार भागांच्या सुरुवातीची कृष्णधवल दृश्यंही त्याच घटनेची आहेत. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याने हे पर्व आठवड्याभरात संपवावं. महिनाभर रेंगाळलं तर धागे हातातून सुटतात. जर्मन ‘डार्क’ (२६ भाग) तर दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय पुरती कळतच नाही. १९५३, १९८६ आणि २०१९ असे तीन उभे रकाने आखा, काह्नवाल्ड, नील्सन, डॉप्लर आणि टीडेमान या चार घराण्यांच्या चार आडव्या ओळी आखा, आणि पात्र दिसेल तसं नाव योग्य चौकटीत टाका. पहिल्या पर्वाला एवढा तक्ता पुरतो. नंतर रकाने वाढवावे लागतील, तेव्हा कागद मोठा घ्या.

रहस्यकथेत पुन्हा पाहायला काय उरणार, असं वाटतं. पण बासू चॅटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ (दूरदर्शन, १९९३) परत पाहताना जास्त रंगते. पहिल्या वेळी आपण ब्योमकेशचा मित्र अजित याच्या नजरेने पाहतो, कारण के. के. रैनांचा अजित आपल्याइतकाच अंधारात असतो. दुसऱ्या वेळी नजर ब्योमकेश झालेल्या रजित कपूरवर ठेवा. एखादा माणूस खोटं बोलतो त्या क्षणी ब्योमकेश काहीच करत नाही, फक्त हातातलं काम थांबवतो. हा इतका कमी अभिनय पहिल्या फेरीत दिसत नाही. अमेरिकी ‘कोलंबो’ने तर हा प्रश्न मुळातच निकालात काढला आहे. खून कोणी केला ते सुरुवातीलाच दाखवतात, उरलेला वेळ पोलीस अधिकारी झालेला पीटर फॉक त्या माणसाभोवती फिरत राहतो. जे आधीच उघड आहे, त्याची उत्सुकता दुसऱ्या वेळी कमी कशी होणार?

विनोदात ती गोष्ट म्हणजे बांधणी. ‘फॉल्टी टॉवर्स’चे भाग फक्त १२: सहा १९७५ साली आणि सहा १९७९ साली. प्रत्येक भागात पहिल्या दहा मिनिटांत तीन-चार निरुपद्रवी गोष्टी मांडलेल्या असतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्या एकमेकींवर आदळतात. दुसऱ्या फेरीत हसू आदळण्याच्या वेळी नाही, मांडणीच्या वेळीच येऊ लागतं. ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ची (२००४–०६) गंमत वेगळी आहे. मायाचं सुनेला ‘मिडल क्लास’ म्हणणं, रोसेशच्या कविता, मधुसूदन फुफांना ऐकू न येणं हे सगळं येणार हे ठाऊकच असतं, आणि वाट पाहण्यातच मजा असते. अशा मालिकेचे रोज दोनच भाग पाहावेत. सलग सहा पाहिले की तीच लकब यांत्रिक वाटायला लागते आणि मालिकेवर अन्याय होतो.

मंत्री आणि नोकरशहा यांच्यातल्या रस्सीखेचीवरच्या ‘यस मिनिस्टर’ आणि ‘यस प्राइम मिनिस्टर’ या ब्रिटिश मालिकांचे मिळून ३८ भाग आहेत, नाताळचा खास भाग धरून. ज्यांची कामाची जागा सरकारी कार्यालयं, महामंडळं, मोठ्या कंपन्या अशी आहे, त्यांनी हे दर चार-पाच वर्षांनी पाहावेत. आपण बढती घेतो तसा प्रत्येक भागाचा अर्थ बदलतो. कनिष्ठ असताना मंत्र्याचा खासगी सचिव बर्नार्ड जवळचा वाटतो, नंतर मंत्री, आणि शेवटी खात्याचा मुरलेला सचिव सर हम्फ्री याचं म्हणणं पटायला लागतं.

ओळखायची युक्ती एवढीच: पाहून झालेल्या मालिकेचा मधलाच कुठलातरी भाग लावा, शेवटचा नको. दहा मिनिटांत पुढचं आठवत असूनही हात रिमोटकडे गेला नाही, तर ती मालिका परत पाहण्याजोगी आहे. आणि चौथ्या भागाशी अडत असाल तर पहिल्यापासून सुरू करणं सोडा. पहिले तीन-चार भाग पात्रांची ओळख करून देण्यात जातात आणि ती तुम्हाला झालेली आहे.

प्रश्न : दूरदर्शनच्या जुन्या मालिका ४३ इंची स्मार्ट टीव्हीवर लावल्या की माणसं बुटकी आणि जाड दिसतात. कधीकधी डोकी कापली जातात. हात हलवला की कंगव्यासारख्या रेषा उमटतात. टीव्ही बिघडला आहे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

टीव्ही ठीक आहे. तुम्ही लिहिलेले हे तीन वेगळे दोष आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

जुन्या मालिका ४:३ आकारात चित्रित झाल्या, आजचे पडदे १६:९ आहेत. चित्र ताणून पडदा भरला की रुंदी एक तृतीयांशाने वाढते, म्हणून माणसं जाड दिसतात. खात्रीसाठी दृश्यातली गोल वस्तू शोधा, भिंतीवरचं घड्याळ किंवा सायकलचं चाक. ते आडवं लांबट दिसलं तर चित्र ताणलेलं आहे. टीव्हीच्या मेनूत ‘पिक्चर साइज’ किंवा ‘आस्पेक्ट रेशो’ असेल, तिथे ४:३ किंवा ‘ओरिजिनल’ निवडा. काही ॲपमध्ये ही सोय टीव्ही बंद ठेवतो. अशा वेळी तीच मालिका लॅपटॉपवर लावून तार टीव्हीला जोडा आणि आकार लॅपटॉपवर बदला. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. ४३ इंची पडद्यावर ४:३ चित्र साधारण ३५ इंची दिसतं, तेव्हा खुर्ची थोडी पुढे ओढा.

डोकी कापली जातात तेव्हा चित्र ताणलेलं नसून झूम केलेलं असतं. पडदा भरण्यासाठी वरचा-खालचा मिळून पाव भाग उडवलेला असतो. टीव्हीचा झूम बंद केल्यावरही डोकी परत आली नाहीत, तर कापणी ती प्रत चढवणाऱ्यानेच केली आहे. त्यावर घरी उपाय नाही, दुसरी प्रत शोधा. प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ ॲप आणि दूरदर्शनच्या अधिकृत वाहिन्यांवर आधी पाहा.

कंगव्यासारख्या रेषांचं कारण असं, की जुनं प्रक्षेपण सेकंदाला ५० अर्धी चित्रं पाठवायचं: एकदा सम ओळी, एकदा विषम. दोन अर्धी चित्रं एकत्र चिकटवून साठवली की हलणाऱ्या वस्तूच्या कडा दातेरी होतात. फाइल तुमच्याकडे असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘डीइंटरलेस’ चालू करून ‘याडिफ’ निवडा. ऑनलाइन प्रतीतच दाते कायमचे उमटले असतील तर ते जाणार नाहीत.

आणखी दोन गोष्टी करा. ‘शार्पनेस’ अगदी खाली आणा, कारण जुन्या चित्रात तो तपशील वाढवत नाही, चेहऱ्याभोवती पांढरी कड तेवढी काढतो. आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगमध्ये तिचं नाव ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’. ‘मालगुडी डेज’ तिच्यासकट पाहिली तर कर्नाटकातल्या आगुंबेत चित्रित झालेलं ते गाव एखाद्या स्टुडिओतल्या सेटसारखं दिसतं.

नव्या मालिकांत पार्श्वसंगीत कर्णकर्कश आणि संवाद पुटपुटल्यासारखे येत असतील, तर ॲपच्या ‘ऑडिओ’ यादीत ५.१ ऐवजी साधा स्टिरिओ निवडा. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात, आणि टीव्हीला तो स्पीकरच नसतो.

प्रश्न : रोज ट्रान्स हार्बरने ठाणे ते वाशी जाते. अर्ध्या तासात उभं राहून काय पाहता येईल? नेटवर्क मधूनमधून जातं.
– एक वाचक, कोपरी, ठाणे

२२ मिनिटांचा भाग तुमच्या प्रवासात नीट बसतो, चढण्या-उतरण्याचा गोंधळ धरूनही. आधी पाहिलेलीच मालिका निवडण्यात शहाणपण आहे, कारण रबाळे-घणसोलीला गर्दीत दोन मिनिटं निसटली तरी बिघडत नाही.

उभ्याने पाहायचं तर संवादावर चालणारी मालिका हवी, उपशीर्षकांवरची नको. साराभाई चालेल. जसपाल भट्टींचा ‘फ्लॉप शो’ (१९८९) फक्त दहा भागांचा आहे, म्हणजे जाता-येता धरून एक आठवडा. ‘फ्रेंड्स’चे २३६ भाग आहेत. दिवसाला दोन, आठवड्याला पाच दिवस या हिशेबाने साडेपाच महिने पुरतील. रहस्यकथा आणि ‘डार्क’सारखं काही मात्र या प्रवासात उघडू नका.

भाग रात्री वाय-फायवर उतरवून ठेवा. मोबाइलच्या पडद्याला मध्यम दर्जा पुरतो, तासाला अर्धा ते एक जीबी जागा लागते. उतरवलेल्या भागांना मुदत असते आणि काहींची मुदत एकदा सुरू केल्यावर झपाट्याने संपते, म्हणून आठवड्याचा साठा रविवारी करा, महिन्याचा करू नका. विनोदी मालिका दीडपट वेगाने पाहू नका. साराभाईतल्या सतीश शहांच्या उत्तराआधीचा थांबा हाच अर्धा विनोद आहे, वेग वाढवला की आधी तोच कापला जातो.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर ‘भारत एक खोज’ दर आठवड्याला दाखवायचा विचार आहे. पंचवीस-तीस जण येतील. तयारी काय करावी?
– एक वाचक, वाशी

याहून चांगली निवड सुचवता येणार नाही. १९८८ साली आलेल्या श्याम बेनेगल यांच्या या मालिकेचे ५३ भाग आहेत. आठवड्याला एक धरला तर नेमकं वर्ष भरतं.

पहिलं काम परवानगीचं. ओटीटीची वर्गणी घरगुती वापरापुरती असते, सभागृहात जमवून दाखवणं तिच्यात बसत नाही. चित्रफीत इंटरनेटवर फुकट दिसते म्हणून ती सामूहिक कार्यक्रमासाठीही मोकळी आहे असं होत नाही. सोसायटीच्या लेटरहेडवर प्रसार भारतीला पत्र लिहा: प्रेक्षकसंख्या, तिकीट नाही, ठिकाण, कालावधी.

पडदा १०० इंची घेतलात तरी ४:३ चित्र त्यावर साधारण ८२ इंची पडेल, म्हणजे रुंदी सुमारे १६५ सेंटिमीटर. शेवटची रांग पाच मीटरच्या आत ठेवा. संध्याकाळी पडदे ओढलेल्या खोलीत ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरेसा होतो, दुपारी नाही, कारण मालिकेतली रात्रीची दृश्यं काळीभोर आहेत. प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर वापरू नका. बाहेरचे दोन स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवा. मागच्या भिंतीला लावले तर ओम पुरींचं निवेदन आणि खोलीतला प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात, आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचे शब्दच हरवतात.

क्रम मोडायला घाबरू नका. पहिले तीन भाग क्रमाने दाखवा, म्हणजे रोशन सेठ यांचे नेहरू आणि मालिकेची पद्धत अंगवळणी पडेल. मग महाराष्ट्राला जवळचे भाग आधी घेतले तरी चालतील: नसीरुद्दीन शहांचे शिवाजी महाराज, सदाशिव अमरापूरकरांचे महात्मा फुले. लोक टिकले की मागे जाऊन वेदकाळ, अशोक, चोळ असं भरून काढता येतं. सलग क्रमाने सुरू केलेल्या कट्ट्यांवर गळती बहुधा दहाव्या-बाराव्या भागापर्यंत होते.

ज्यांनी १९८८ सालीच मालिका पाहिली आहे त्यांना एक काम द्या. तेच नट वेगवेगळ्या काळांत परत येतात, त्यांची नोंद ठेवायची. ओम पुरी निवेदक आहेत, दुर्योधन आहेत, अल्लाउद्दीन खिलजी आहेत आणि औरंगजेबही आहेत. सत्तेचा लोभ एकाच चेहऱ्यावर तीन युगांत कसा बदलतो, ते शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे. वनराज भाटियांचं शीर्षकसंगीत कधीही ओलांडू नका. नासदीय सूक्ताने सुरू होणारी मालिका पुढे सतत प्रश्नच विचारत जाते.

भागानंतर चर्चेला वीस मिनिटं ठेवा, आणि चहा चर्चेनंतर.

प्रश्न : १९८०-९०च्या दशकांत घरी व्हीसीआरवर रेकॉर्ड केलेल्या मालिकांच्या कॅसेट सापडल्या आहेत. काहींवर पांढरे ठिपके आहेत. व्हीसीआर अजून चालतो. लावून पाहू का?
– एक वाचक, नेरूळ

ठिपके असलेली एकही कॅसेट लावू नका. ती बुरशी आहे. खाडीकाठच्या दमट हवेत बंद कपाटातल्या कॅसेटना ती हटकून लागते. व्हीसीआरमध्ये गेली की हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या स्वच्छ कॅसेटनाही लागते.

कॅसेटची खिडकी उजेडासमोर धरून दोन ढीग करा. ठिपक्यांच्या कॅसेट झाकणबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन-तीन आठवडे ठेवा. बुरशी वाळली की ती झटकता येते, ओली असताना फक्त पसरते. पुढची सफाई कवच उघडून करावी लागते. मागे पाच स्क्रू असतात. आत दोन स्प्रिंग उडण्याच्या तयारीत बसलेल्या असतात. सवय नसेल तर हे काम व्यावसायिकाला द्या. स्वतः करणार असाल तर गच्चीवर करा, तोंडाला मास्क लावा आणि कोरडं मायक्रोफायबर वापरा. तुटलेली फीत सेलोटेपने जोडू नका, त्याचा डिंक हेडला चिकटतो. स्प्लायसिंग टेप मिळते, तीच वापरा.

स्वच्छ ढिगातल्या प्रत्येक कॅसेटची मागची प्लास्टिकची छोटी कळ आधी मोडा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. नंतर फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे न्या. वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे सैल होतात.

हेड साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि साबरचं कातडं घ्या. कातडं हेड बसवलेल्या गोल ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि ड्रम बोटाने फिरवा. कातडं वर-खाली घासलं तर हेड मोडतं. कापसाची काडी तर मुळीच नको, तंतू हेडमध्ये अडकतात.

पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. संगणकाच्या यूएसबीला जोडायचा कॅप्चर कार्डचा तुकडा बाजारात मिळतो. त्यात पद्धत ‘पाल’, आकार ७२० × ५७६ आणि वेग सेकंदाला २५ चित्रं निवडा. अमेरिकी ‘एनटीएससी’वर राहिलं तर चित्र काळंपांढरं येतं किंवा वर-खाली सरकत राहतं. ई-१८० कॅसेटमध्ये तीन तास असतात. डीव्ही स्वरूपात तासाला सुमारे १३ जीबी लागतात, म्हणजे एका कॅसेटला ३९ जीबी. सेकंदाला ५ मेगाबिट (एमबीपीएस) वेगाच्या ‘एच.२६४’ या जास्त दाबलेल्या स्वरूपात पूर्ण कॅसेट सात जीबीच्या आत बसते आणि घरगुती पाहण्यासाठी तेवढं पुरतं. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवा, आणि कॅसेट मात्र फेकू नका.

मधल्या जाहिराती, ‘व्यत्यय’ची पाटी, निवेदिकेची घोषणा हे काही कापू नका. मालिका कदाचित दुसरीकडेही सापडेल, पण त्या संध्याकाळचं प्रक्षेपण फक्त तुमच्या कॅसेटवर आहे. प्रत घरात पाहा, इंटरनेटवर चढवू नका, हक्क तुमचे नाहीत.

प्रश्न : नऊ वर्षांचा मुलगा एकाच कार्टूनचा तोच भाग रोज पाहतो. काळजीचं आहे का? दुसरं काय दाखवू?
– एक वाचक, खारघर

तोच भाग परत पाहणं या वयात सर्रास असतं. पुढे काय येणार हे आधी ओळखता येण्याचा आनंद त्यात असतो. झोप, खेळ, जेवण नीट चाललं असेल तर सोडून द्या.

शेजारी ‘मालगुडी डेज’मधले स्वामी या शाळकरी मुलाचे भाग ठेवा. हिंदी सोपं आहे, भाग साधारण २२ मिनिटांचे आहेत आणि स्वामीचे प्रश्न नऊ वर्षांच्या मुलाचेच आहेत: परीक्षा, मैत्री, क्रिकेट, वडिलांचा धाक. वडील गिरीश कार्नाड आहेत. ओरडण्याआधी ते स्वामीकडे नुसते पाहतात, आणि ते पाहणं कुठल्याही घरातल्या मुलाला बरोबर कळतं. आर. के. लक्ष्मण यांची चित्रं आणि एल. वैद्यनाथन यांची धून मुलं दोन दिवसांत गुणगुणू लागतात. पहिल्या भागाला सोबत बसा. मराठीत ‘गोट्या’ मिळाली तर तीही दाखवा.

प्रश्न : ‘रात्रीस खेळ चाले’चे तिन्ही भाग परत पाहायचे आहेत. क्रम कोणता?
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

पहिल्यांदा पाहणाऱ्याने प्रक्षेपणाच्या क्रमाने, म्हणजे २०१६, २०१९, २०२१. तुम्ही परत पाहताय, म्हणून आधी दुसरा भाग घ्या, मग पहिला, मग तिसरा. दुसरा भाग कथेच्या काळात सर्वांत आधीचा आहे. त्यात माधव अभ्यंकरांचे अण्णा नाईक जिवंत आणि सर्वशक्तिमान आहेत, तर पहिला भाग त्यांच्या मृत्यूनंतर जमलेल्या कुटुंबाचा आहे. आधी दुसरा पाहिला की पहिल्या भागात त्या घरातले लोक अण्णांचं नाव निघताच गप्प का होतात, याला प्रत्येक वेळी कारण मिळतं. थोडी विसंगतीही दिसेल, कारण दुसरा भाग नंतर लिहिला गेला.

दुसरा भाग लांब आहे. वेळ कमी असेल तर शेवंता या पात्राच्या प्रवेशापासून सुरू करा. मालवणी समजायला जड जात असेल तर पहिले आठ-दहा भाग हेडफोन लावून पाहा, नंतर कान सरावतो.